वजा अठरा

नियोजन चाललंय डिस्पॅच चलनाच्या पाठीवर,
गुलाबी प्रतीच्या, कारण पांढरी गाडीबरोबर जाते.
तुर्भे. प्लॉट नंबर सांगत नाही, मालक चिडेल.
वर मी लिहिलंय: औली. खाली रेघ. रेघेखाली
माणसं तीन,
तिसऱ्या नावापुढे प्रश्नचिन्ह.

दिगंबर मढवी फोर्कलिफ्ट चालवतो, दिवाळ्याचा.
बापाची होडी होती, म्हणून म्हणतो,
तोल मला शिकवू नका.
तस्लीम हिशेब लिहिते.
मी तापमान लिहिते. दर दोन तासांनी एक आकडा,
चौदा वर्षं. कोळंबी, मटार,
कुणाच्या तरी लग्नाचं सीताफळ आइस्क्रीम,
सगळ्यांना सारखीच वागणूक: वजा अठरा.

बर्फ मला माहीत आहे.
भिंतीवर धरतो तो. पट्टीनं खरवडायचा,
मासळीचा वास येतो त्याला,
त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही.
आभाळातून आलेला तेवढा बघायचा राहिलाय.

तस्लीमनं विचारलं, दोन्ही पाय एकाच फळीला?
मग पळायचं कसं?
पळायचं नसतंच, दिगंबर म्हणाला. आडवं उभं राहायचं
आणि खांद्यावरून पुढे बघायचं,
दारात उभं राहून आळीत कोण आलं बघतो
तसं.

रविवारी लोडिंगच्या उतारावर सराव झाला.
पापलेटच्या क्रेटचं झाकण,
त्यावर ठोकलेल्या दोन जुन्या चपला,
ओल्या कोब्यावर साबणाची पूड.
मी साडेतीन हात गेले. मग कोपर.
वॉचमननं रजिस्टर उघडून विचारलं,
मॅडम, तुमची नोंद इनवर्डला करू की आउटवर्डला?

कपड्यांचा खर्च शून्य. कंपनीची जाकिटं आहेत,
निळी, ढोपरापर्यंत, पाठीवर फोन नंबर,
डोंगरावर मागून येणाऱ्यांनी वाचावा.
पनवेल ते हरिद्वार स्लीपर. पुढे दहा तास मोटार.
दिगंबरला गाडी लागते
(होडीवाल्याचा मुलगा!), म्हणून ओवा, लिंबू, पिशव्या सहा.
बोर्ड भाड्यानं. शिकवणारा वेगळा.
पडणं त्यातच धरलेलं.

घरी मी सांगितलंय, ऑडिट आहे.
तस्लीमनं खरं सांगितलं,
म्हणून प्रश्नचिन्ह तिच्या नावापुढे.

काल लॉजवाल्याला फोन केला. डिमरी नावाचा.
खोकत होता. म्हणाला, खोली आहे, गरम पाणी आहे,
बर्फ नाही.
जानेवारी संपत आला आणि उतारावर गवत दिसतंय, पिवळं.
या, पण विचार करून या.
मग आपलं सहज, माणुसकीनं,
तुमच्याकडे कशी आहे थंडी?
मी समोरच्या डबीवरचा लाल आकडा वाचला, सवयीनं.
वजा अठरा.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, ताई,
नक्की कुठून बोलताय?

तिकिटं रद्द केली नाहीत. वेटिंग सात, आठ, नऊ.
दिगंबर म्हणतो, पडेल. त्याला भरती-ओहोटीचं कळतं,
बर्फाचं काय कळतं, हे मी विचारलं नाही.

आज चारची नोंद घ्यायला आत गेले, दार ओढलं.
पंख्याखाली भुरभुरत होतं, रवा चाळावा तसं,
रोज भुरभुरतं.
आज मी आडवी उभी राहिले.
डावा पाय पुढे, गुडघे सैल,
मटारच्या थप्प्यांमधून शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारी वाट
खांद्यावरून बघत.

काचेवर टकटक.
तस्लीम. अंगात निळं जाकीट, बाह्या चार बोटं लांब.
काहीतरी सांगते आहे, हात हलवून,
हसते आहे की रडून आलीये, काच धुरकट आहे,
दार जाड आहे, ऐकू येत नाही.
थांब, म्हटलं खुणेनं. पेन गोठलं होतं,
तोंडाची वाफ देऊन लिहितं केलं:
चार वाजता, वजा सतरा पूर्णांक नऊ.